घरोघरचें चित्र आणि कर्त्याचा वांटा

सुरतेहून भुसावळकडे निघालेली आगगाडी महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर नवापूर येथें थांबते. ह्या स्थानकाचा कांहीं भाग गुजराथेंत व कांहीं भाग महाराष्ट्रांत असल्यामुळें एकाच बांकावर बसलेल्या दोघां उतारूंपैकीं एक एका राज्यांत व दुसरा दुसऱ्या राज्यांत असूं शकतो. नवापूर सोडल्यावर थोड्याच वेळानें चिंचपाडा लागतो. नंदुरबार जिल्ह्यांतील हें गांव. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं त्याचें नांव कदाचित् प्रथमच ऐकलें असेल. तथापि शहरांतील घरांस पडणारें एक कोडें अशा लहान गांवीं अधिक उघडें दिसतें, म्हणून त्याची हकीगत तेथूनच सुरू करणें बरें.

समजा, तेथें शेजारीं शेजारीं दोन घरें आहेत. एका घराच्या कौलांवर दूरदर्शनची ‘फ्री डिश’ बसविलेली आहे. ही छत्री एकदां विकत घेतली कीं पुढें दरमहा कांहीं द्यावें लागत नाहीं. दुसऱ्या घरांत केबलवाल्याची तार आलेली आहे आणि घरधनी महिन्याच्या महिन्याला न चुकतां पैसे भरतो. भारतीय संघाचा क्रिकेटचा एखादा महत्त्वाचा सामना आपल्याच देशांत चालू आहे. छत्रीच्या घरीं तो दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत आहे. केबलच्या घरींही दूरदर्शनची तीच वाहिनी येते. पण नेमका सामना सुरू झाला कीं तेथें दुसराच कांहीं कार्यक्रम तरी लागतो, नाहीं तर सूचनेची पाटी. घरांतला मुलगा आजोबांना विचारतो कीं, पैसे आपण भरतों आणि सामना त्यांच्याकडे कसा? आजोबा केबलवाल्याला दोष देऊन मोकळे होतात. ह्या एका बाबतींत तरी केबलवाला बिचारा निर्दोष आहे.

खरें उत्तर असें कीं, आकाशांतून येणारें चित्र कोणाचें तरी असतें. तें एकानें सोडावें, दुसऱ्यानें झेलावें आणि आपल्या तारेनें वा आपल्या उपग्रहामार्फत तिसऱ्याच्या घरीं नेऊन पोहोंचवावें, ह्याला पुनःप्रक्षेपण म्हणतात. ह्या दुसऱ्या फेरीचें मोल कोणी द्यावें, कोणास द्यावें आणि कोणत्या वाटेनें द्यावें, हा वाद जगांत साठांहून अधिक वर्षें चालू आहे.

प्रथम मालकीचा विचार केला पाहिजे. लहरी कोणा एकाच्या नव्हेत. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणांत ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें लहरी ह्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, असें स्पष्ट सांगितलें. परंतु लहरींवर बसून येणारा माल बेवारशी नसतो. त्याचे मालक एक नसून दोन प्रकारचे आहेत. ज्यांनीं गीत लिहिलें, चाल दिली, कथा रचली, चित्रपट काढला, ते पहिले. त्यांचा हक्क म्हणजे कॉपीराइट. सरकारी मराठींत त्याला प्रताधिकार म्हणतात. ज्या संस्थेनें हें सारें एकत्र करून, वेळ ठरवून, खर्च करून प्रक्षेपित केलें, ती दुसरी मालक. तिचा हक्क गीतावर नाहीं, कथेवरही नाहीं. त्या विशिष्ट प्रक्षेपणावर आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमांत हा हक्क निराळा सांगितला आहे. प्रक्षेपण ज्या वर्षीं झालें त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षें तो टिकतो, आणि तेवढ्या काळांत परवान्यावांचून त्या प्रक्षेपणाचें पुनःप्रक्षेपण करणें हा त्या हक्काचा भंग होय. माल शेतकऱ्याचा आणि गाडी गाडीवानाची, असा हा प्रकार आहे. पुनःप्रक्षेपण करणारा मालासकट गाडीच पुढें हांकतो; त्यामुळें त्याला दोघांचेंही देणें लागतें. देणें लागणें सोपें असतें. तें वसूल कसें व्हावें, ह्यावर मात्र निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या तोडी काढल्या आहेत.

अमेरिकेंत हा वाद प्रथम डोंगराळ मुलुखांत उपस्थित झाला. वेस्ट व्हर्जिनियांतील क्लार्क्सबर्ग व फेअरमाँट ह्या गांवांना डोंगरांच्या आडोशामुळें दूरच्या केंद्रांचें चित्र नीट मिळत नसे. तेव्हां एका कंपनीनें उंच ठिकाणीं मोठी अँटेना उभारून तें चित्र धरलें आणि तारांनीं घरोघर नेलें. लोकांना चित्र मिळालें, कंपनीला वर्गणी मिळाली. पण ज्यांचे चित्रपट त्या तारेंतून जात होते त्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीला कांहींच मिळालें नाहीं. १९६८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें केबलवाल्याच्या बाजूनें कौल दिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, केबलवाला प्रक्षेपण करीत नाहीं, तो प्रेक्षकाला पाहण्यास साह्य करतो. प्रेक्षकानें स्वतः उंच खांब रोवला असता तर त्याच्याकडे कोणी पैसे मागितले नसते. १९७४ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत हाच कौल कायम झाला. युक्तिवाद चतुर आहे ह्यांत शंका नाहीं. पण प्रेक्षक स्वतःसाठीं खांब रोवतो आणि केबलवाला धंद्यासाठीं रोवतो, हा फरक त्यांत हरवला.

तो फरक अमेरिकन विधिमंडळानें १९७६ च्या कायद्यानें भरून काढला. त्यांतली तोड मध्यम मार्गाची आहे. केबलवाल्यानें प्रत्येक चित्रपटाच्या, प्रत्येक गाण्याच्या मालकाची परवानगी मागत फिरावयाचें नाहीं; कायद्यानेंच त्याला परवाना दिला. त्याच्या मोबदल्यांत त्यानें वर्षांतून दोनदां आपल्या मिळकतीचा व झेललेल्या दूरच्या केंद्रांचा हिशेब सरकारी कॉपीराइट कचेरींत भरावयाचा आणि ठरल्या दरानें रक्कम जमा करावयाची. मग ह्या एका पेटींतून हक्कदारांना वांटणी होते. पण ती आपोआप होत नाहीं. ज्याची कृति आदल्या वर्षीं अशा रीतीनें पुनःप्रक्षेपित झाली असेल त्यानें जुलै महिन्यांत दावा दाखल केला पाहिजे. जुलै गेला कीं त्या वर्षाचा वांटा गेला. दावेदारांचे गट पडतात: चित्रपट व मालिकांचे धनी, खेळांच्या संस्था, स्थानिक केंद्रें, संगीताचे कर्ते, धार्मिक कार्यक्रमांचे कर्ते, शेजारच्या कॅनडांतील निर्माते वगैरे. प्रथम हे गट आपसांत वांटे ठरवूं पाहतात. नाहींच जमलें तर प्रकरण ह्याच कामासाठीं नेमलेल्या न्यायाधीशांपुढें जातें. खेळाच्या एका सामन्याची किंमत जुन्या चित्रपटाच्या कितीपट धरावयाची, ह्यावर तेथें तज्ज्ञांच्या साक्षी होतात. त्या वर्षांनुवर्षें चालतात, हें सांगावयास नकोच.

कॅनडांत १९९० पासून अशीच, पण थोडी निराळी व्यवस्था आहे. तेथें कॉपीराइट मंडळ दर ठरवितें आणि हक्कदारांच्या सामुदायिक संस्था तो गोळा करतात. युरोपीय समुदायानें १९९३ च्या आदेशांत आणखी पुढें जाऊन असें ठरविलें कीं, केबलनें होणाऱ्या पुनःप्रक्षेपणाला परवानगी देण्याचा हक्क कर्त्यानें एकट्यानें बजावावयाचाच नाहीं. तो त्याच्या वतीनें संस्थेनें बजावावयाचा. एका आडमुठ्या मालकाच्या नकारानें साऱ्या तारेंतील चित्र बंद पडूं नये, हा त्यांतील हेतु.

आतां मुंबईकडे वळूं लागलें म्हणजे दृश्य एकदम पालटतें. येथील केबलचा जन्म अँटेनेच्या पोटीं झाला नाहीं, व्हिडिओ कॅसेटच्या पोटीं झाला. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढील दशकांत कॅसेटयंत्रें आलीं, आणि एखाद्या इमारतींतल्या किंवा चाळींतल्या खोलींत यंत्र ठेवून तेथून तारा सोडावयाच्या व दरमहा वर्गणी घेऊन रात्रीं एक-दोन चित्रपट दाखवावयाचे, असा धंदा निघाला. गच्चीवरून गच्चीवर, झाडावरून खांबावर अशा त्या काळ्या तारा पुष्कळ मुंबईकरांना आठवत असतील. चित्रपट नवा असला तर चित्रगृहाचें तिकीट वांचे. कॅसेट कोठून आणली, तिच्या मालकानें घरीं पाहण्यासाठीं दिली कीं चाळभर दाखविण्यासाठीं दिली, हें विचारण्याच्या भानगडींत वर्गणीदार पडत नसे.

हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयांत आला तो ‘गरवारे प्लॅस्टिक्स ॲन्ड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक’ ह्या नांवानें. प्लॅस्टिकच्या धंद्यांतील नांव चित्रपटांच्या दाव्यांत पाहून वाचकाला गंमत वाटते. पण वादींचें सांगणें असें कीं, कांहीं चित्रपटांचे हक्क त्यांच्याकडे होते आणि केबलवाले ते चित्रपट परवान्यावांचून घरोघर दाखवीत होते. प्रतिवादींचा बचाव विचार करण्याजोगा होता. प्रत्येक कुटुंब आपापल्या घरांत, आपल्या खाटेवर बसून पाहतें. तेथें तिकीट नाहीं, सभागृह नाहीं, परक्या माणसास प्रवेश नाहीं. मग ह्याला सार्वजनिक प्रदर्शन कसें म्हणावयाचें? १९८९ सालच्या निर्णयांत न्यायमूर्ति सुजाता मनोहर ह्यांनीं हा बचाव स्वीकारला नाहीं. प्रेक्षक कोठें बसला आहे ह्यावर तो ‘जनता’ आहे कीं नाहीं हें ठरत नाहीं. तो कोणाच्या नात्यानें, कोणाच्या बोलावण्यावरून पाहत आहे, हें बघावें लागतें. केबलचा वर्गणीदार हा कांहीं केबलवाल्याच्या घरचा पाहुणा नव्हे. पैसे देईल त्याला तार मिळते; म्हणून तो जनतेचाच भाग होय, आणि त्याला चित्रपट पोहोंचविणें हें जनतेला पोहोंचविणें होय. अमेरिकेंतील न्यायालयानें १९६८ सालीं जो फरक डोळ्याआड केला होता, तोच मुंबईच्या न्यायालयानें नेमका हातीं धरला.

हें कॅसेटचें प्रकरण होतें, पुनःप्रक्षेपणाचें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो बरोबर आहे. पण त्यामुळें पाया पक्का झाला. १९९४ च्या दुरुस्तीनें कायद्यांतच असें लिहिलें गेलें कीं, उपग्रहानें, केबलनें किंवा एकाच वेळीं अनेक घरांना पोहोंचणाऱ्या अन्य साधनानें दिलेलें तें जनतेला दिलेलें समजावें. हॉटेलांतील राहण्याच्या खोल्याही त्यांत आल्या. प्रक्षेपणाच्या व्याख्येंत पुनःप्रक्षेपण तर आधींच धरलेलें होतें. ह्यापुढें ‘मी नुसता तार ओढतो’ असें म्हणण्याची सोय केबलवाल्याला राहिली नाहीं.

मात्र वसुलीच्या बाबतींत भारतानें अमेरिकेची पेटी उचलली नाहीं. येथें पुनःप्रक्षेपणाच्या रॉयल्टीसाठीं सरकारी कचेरी नाहीं, जुलै महिन्याचा दावा नाहीं. येथें सारें काम करारानें चालतें. वाहिनीची संस्था केबल कंपनीशीं करार करते, केबल कंपनी गांवच्या केबलवाल्याशीं करते, आणि घरधनी सेट-टॉप बॉक्सचा रिचार्ज भरतो. जुन्या तारेच्या काळांत ह्या साखळीला एक मोठें भोंक होतें. गांवांत वर्गणीदार हजार असले तरी वरती किती दाखवावयाचे, हें केबलवाल्याच्या मर्जीवर असे. २०११ च्या दुरुस्तीनें प्रत्येक घरीं नोंद ठेवणारा डबा आवश्यक झाला. मुंबईंत ही व्यवस्था २०१२ मध्यें आली. खेड्यांपर्यंत ती येण्यास शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ही पडली. तेव्हांपासून चिंचपाड्याच्या घरीं कोणती वाहिनी चालू आहे हें वरपर्यंत मोजतां येऊं लागलें.

किंमतीचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ‘ट्राय’नें, ३ मार्च २०१७ रोजीं नव्यानें घालून दिले. वाहिनीची किंमत तिच्या संस्थेनें जाहीर करावयाची. त्या किंमतींतील निदान शेंकडा २० भाग पोहोंचविणाऱ्यानें ठेवावयाचा. शिवाय शेंकडा १५ पर्यंत सूट त्याला देतां येते. म्हणजे घरधन्यानें एखाद्या वाहिनीचे १० रुपये दिले तर कमींत कमी २ रुपये वाटेंतच राहतात आणि वाहिनीच्या संस्थेकडे फार तर ८ जातात. तार आणण्याचें भाडें ह्याहून निराळें. त्या आदेशांत पहिल्या १०० वाहिन्यांसाठीं तें करांव्यतिरिक्त १३० रुपयांपर्यंत धरलें होतें. हा भाडेपैसा पोहोंचविणाऱ्याचा. गीतकाराशीं किंवा खेळाडूशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

ह्या नियमांवर वाहिन्यांच्या संस्था न्यायालयांत गेल्या. त्यांचा मुद्दा असा होता कीं, प्रक्षेपण ही त्यांची कॉपीराइट कायद्याखालची मालमत्ता आहे. तिची किंमत ठरविण्याचा ट्रायला अधिकार काय? मद्रास उच्च न्यायालयांतील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, तिसऱ्यांकडे प्रकरण गेलें, आणि अखेर ३० ऑक्टोबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ट्रायचे नियम उचलून धरले. मालाचा हक्क मालकाचा खरा, पण त्याच्या वाहतुकीला व गिऱ्हाइकाच्या हिताला लागूं पडणारे नियम नियामकानें करावेत, असा त्याचा मथितार्थ. शहरांतल्या घरांत महिन्याच्या बिलावरून कुरकुर होते. त्या बिलाच्या मागें एवढें मोठें भांडण झालें आहे, ह्याची जाणीव फारच थोड्यांना असेल.

आतां त्या मुलाचा प्रश्न. २१ जानेवारी २००७ रोजीं नागपुरास भारत व वेस्ट इंडीज ह्यांचा एकदिवसीय सामना झाला. त्याचे हक्क निंबस ह्या खाजगी कंपनीकडे होते, आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळालें नाहीं. देशांत ज्यांच्या घरीं केबल नव्हती ते सामन्याला मुकले. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मग उरलेले सामने सात मिनिटांच्या उशिरानें दाखविण्याची तोड काढली. क्रिकेटमध्यें सात मिनिटें म्हणजे एखादा गडी बाद होऊन पुढचा मैदानांत येण्याइतका वेळ. ती तोड कोणालाच मानवली नाहीं. सरकारनें प्रथम अध्यादेश व नंतर कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचें थेट चित्र हक्कदारानें प्रसारभारतीला दिलें पाहिजे आणि दूरदर्शनवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचे वांटे हक्कदाराला निदान ७५ व प्रसारभारतीला २५ ह्या प्रमाणानें पडावेत; नभोवाणीच्या बाबतींत ते निम्मेनिम असावेत, असें त्यांत ठरलें.

येथपर्यंत ठीक झालें. पण १९९५ च्या केबल कायद्यांतील आठव्या कलमाप्रमाणें दूरदर्शनच्या नेमलेल्या वाहिन्या प्रत्येक केबलवाल्यानें दाखविल्याच पाहिजेत. परिणाम असा झाला कीं, प्रसारभारतीला दिलेलें चित्र दूरदर्शनच्या वाहिनीवरून केबलमध्यें शिरलें, आणि ज्या घरांनीं खेळाच्या खाजगी वाहिनीचे पैसे भरावयाचे त्या घरांना तेंच चित्र त्याच तारेंतून फुकट मिळूं लागलें. हक्कदारांना जाहिरातींचा वांटा मिळाला खरा, पण वर्गणी बुडाली. क्रिकेट नियामक मंडळ, ज्याची कचेरी मुंबईंत वानखेडे मैदानापाशीं आहे, व वाहिन्यांच्या संस्था दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या. ४ फेब्रुवारी २०१५ रोजीं त्यांच्या बाजूनें निकाल झाला, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. प्रसारभारतीला मिळालेलें चित्र तिनें स्वतःच्या मनोऱ्यांवरून व स्वतःच्या फुकट छत्रीवरून दाखवावें; खाजगी केबलला व खाजगी डिशला त्याचा लाभ होतां कामा नये. कायद्याचा हेतु ज्याच्याकडे दुसरी सोय नाहीं त्याच्यापर्यंत सामना पोहोंचविण्याचा आहे, दुसऱ्या धंदेवाल्याला फुकट माल पुरविण्याचा नाहीं, असा हा तर्क आहे.

म्हणून चिंचपाड्याच्या एका कौलाखालीं सामना दिसतो आणि दुसऱ्या कौलाखालीं पाटी. कायद्याच्या दृष्टीनें हें सुसंगत आहे. घरधन्याच्या दृष्टीनें तें विचित्र आहे, आणि त्यालाही खोटें म्हणतां येणार नाहीं. कारण केबलच्या तारेला जोडलेला प्रत्येक माणूस सधन असतो, असें थोडेंच आहे?

खेळाच्या संस्थांचे वकील मोठे असतात. त्यांचा वांटा त्या भांडून घेतात. खरी आबाळ होते ती पहिल्या प्रकारच्या मालकाची. वाहिनीवर जुना मराठी चित्रपट लागतो, त्यांतलें गाणें केबलच्या घरींही वाजतें आणि छत्रीच्या घरींही. त्या ८ रुपयांपैकीं कांहीं पैसे गीतकाराच्या घरीं जातात काय? पुष्कळ काळ उत्तर सरळ ‘नाहीं’ असें होतें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटासाठीं करून घेतलेल्या गीताचा व संगीताचा मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच ठरतो. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ग. दि. माडगूळकर निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें कॉपीराइट टिकतो, ह्या हिशेबानें त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. त्यांतला कोणता हक्क कोणाच्या हातीं आहे, हें ज्या त्या गीताच्या जुन्या करारावरून पाहावें लागेल.

हा मोठा अन्याय आहे, अशी ओरड गीतकार-संगीतकारांनीं अनेक वर्षें केली. राज्यसभेंत जावेद अख्तर ह्यांनीं ती मांडली, आणि २१ जून २०१२ पासून लागूं झालेल्या दुरुस्तीनें कायदा बदलला. चित्रपटांतील गीताचा किंवा संगीताचा हक्क कर्त्यानें विकला तरी, चित्रगृहांतील प्रदर्शन वगळून इतर प्रत्येक वापराच्या रॉयल्टीचा निम्मा वांटा त्याचाच राहतो. दूरचित्रवाणी ह्या ‘इतर वापरां’त येते. हा वांटा कर्त्याला विकतां येत नाहीं, सोडूनही देतां येत नाहीं. फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोंपवितां येतो. गरजू माणसाच्या हातून चार पैशांसाठीं सर्व हक्कांचें दानपत्र लिहून घेण्याची जी चाल होती, तिला ह्या कलमानें खीळ घातली. २०१२ पूर्वींच्या करारांना तें कितपत लागूं पडतें ह्याविषयीं मात्र कायदेपंडितांत वाद आहे.

वसुलीचें काम संस्थेचें. संगीत व गीतांच्या बाबतींत तें १९६९ मध्यें स्थापन झालेली व २०१७ मध्यें नव्यानें नोंदलेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. तिची कचेरी मुंबईंत आहे. वाहिन्या, नभोवाणी केंद्रें, हॉटेलें ह्यांना परवाने देऊन ती पैसा गोळा करते, आणि कोणतें गीत कोठें वाजलें ह्याच्या याद्यांवरून वांटणी करते. सारी मख्खी ह्या याद्यांत आहे. गीतकार सभासद नसेल, किंवा सभासद असून आपलीं गीतें त्यानें नोंदविलीं नसतील, तर यादींत गीत आलें तरी त्याच्यापुढें नांव लागत नाहीं, आणि पैसा अडकून पडतो. कर्ता वारल्यावर तर घोळ फारच वाढतो. जुनीं करारपत्रें ट्रंकेंत वाळवीनें खाल्लेलीं असतात. एक मुलगा पुण्यांत, एक परदेशांत. कोणत्या गीताचे शब्द वडिलांचे व कोणत्याचे त्यांच्या मित्राचे, हें घरांतील कोणालाच नक्की ठाऊक नसतें. अशा घरांत दूरचित्रवाणीवर तें गाणें लागलें कीं सारे अभिमानानें ऐकतात. त्याची नोंद मात्र कोणी केलेली नसते. वारसांना सभासद होतां येतें, त्यासाठीं मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा व गीतांची यादी लागते. हें काम एका दुपारीं होणारें नाहीं, पण एका पिढींत न होण्यासारखेंही नाहीं.

नभोवाणीच्या बाबतींत ह्याच नव्या कलमांवर मुंबईच्या उच्च न्यायालयानें २८ एप्रिल २०२३ रोजीं अंतरिम आदेश दिला. ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला पैसे दिले म्हणजे गीतकार-संगीतकाराचें देणें फिटलें, हा केंद्रांचा युक्तिवाद न्यायमूर्ति मनीष पितळे ह्यांनीं मान्य केला नाहीं.

चिंचपाड्याच्या लोकांना ह्या कायद्यांत केवळ प्रेक्षकाचीच जागा आहे, असें मात्र नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत काठी येथें होणारी होळी आतां लांबलांबचे लोक पाहावयास येतात, आणि तेथील ढोल व नाच चित्रवाणीवर झळकतात. तेथील गीतें कोणी रचलीं हें सांगतां येत नाहीं; परंपरेनें आलेल्या गीताला कर्ता नाहीं म्हणून कर्त्याचा कॉपीराइटही नाहीं. परंतु जो गातो, जो वाजवितो, जी नाचते, त्यांचा कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यांत आहे, आणि तो ५० वर्षें चालतो. बातमीपुरता तुकडा दाखविला तर त्याला हरकत घेतां येत नाहीं. एकदां संमतीनें प्रक्षेपित झालेला नाच पुन्हां दाखवूं नका, अशी मनाईही सहसा करतां येत नाहीं. तथापि त्याचा व्यापारी उपयोग झाला तर रॉयल्टी मिळण्याचा कलावंताचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनें राखून ठेवला आहे. तो हक्क मागावयाचा तर कोण नाचलें, कोठें नाचलें आणि कशासाठीं संमति दिली, हें कागदावर असावें लागतें. चित्रीकरणाला आलेली मंडळी बहुधा असा एक कागद बरोबर आणतात. तो इंग्रजींत असतो, आणि ढोल थांबल्यावर, अंधार पडतां पडतां, घाईघाईनें त्यावर सह्या नि अंगठे होतात. मग तो कागद शहरांतल्या कचेरींत जातो, आणि होळीचा नाच छत्रीच्या घरींही दिसतो व केबलच्या घरींही.